क्रमांक चार

अकरा महिने माझा आवाज महामंडळाचा असतो.
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
मिरजमार्गे जाणारी, विट्याहून येणारी,
अद्याप न आलेली, रद्द झालेली,
लाल सदऱ्यातलं चार वर्षांचं पोर,
बाकड्याखाली राहिलेली पिशवी,
सगळं माझ्या घशातून जातं.
घरी आल्यावर मीठ कुठंय
एवढं विचारायलाही काही उरत नाही.

मे महिन्यात अर्ज लिहिते. कारण: घरगुती.
देवाकडे जायचंय म्हटलं
तर साहेब विचारतील, कुठल्या नवसाला?
आणि नवस वगैरे काही नाही.

वेलिंगला पोचते तेव्हा
दुपार कुळागरातल्या पोफळींवर टेकून उभी असते.
कुणाच्या तरी अंगणात भिंडांची सोलं वाळत घातलेली,
त्यांचा आंबट लाल वास.
अग्रशाळेच्या ओट्यावरून गोकुळदास म्हणतो, येवा,
आणि न विचारता किल्ली देतो. चार.
फलाट चारवरून निघालेली बाई
खोली चारमध्ये.
ही गंमत माझी एकटीची,
बारा वर्षांत त्याला सांगितलेली नाही.

खोलीत खाट, दोरी, खुंटी.
खिडकीच्या फळीवर मुंग्यांची रांग,
गेल्या वर्षीचीच,
किंवा तिची पणती.

पहिले दोन दिवस काहीच होत नाही.
गाड्या आतल्या आत सुटत राहतात.
देवळात घंटा वाजली
की माझा अंगठा माईकचं बटण शोधतो.
रागही येतो.
एवढ्या उकाड्यात, एवढं अंतर तोडून आले
आणि देव नुसता समोर,
दागिने घालून गप्प.

तिसऱ्या दिवशी तळीवर जाते.
चिऱ्याच्या पायऱ्या, खालच्या तीन शेवाळलेल्या.
डोंगरातून झर येते,
वैशाखातही आटत नाही,
आणि तळीत पडताना तिचा आवाज होतो, इतकासा
की तो ऐकायला
आधी आपला श्वास खाली ठेवावा लागतो.
पाय बुडवून बसते.
मासे येतात, टाचेच्या भेगा टोचून बघतात,
मनासारखं काही नसलं की निघून जातात.
वरच्या पायरीवर मोगाबाय
केळीच्या दोऱ्यात अबोलीची फाती विणत असते.
कुठून, किती दिवस, एकटीच का,
ती काही विचारत नाही.
उठताना एक फाती माझ्या मांडीवर ठेवते.
पैसे दिले तर घेते.

यंदा पाचव्या दिवशी
एक मोठी बस आली, पन्नासेक माणसांची.
थोड्या वेळाने कुणीतरी आई
सभामंडपातून रस्त्यापर्यंत हाका मारत धावली.
मला माहीत होतं काय म्हणायचं असतं.
नाव, वय, कपड्यांचा रंग,
सदर मूल कुणाला आढळल्यास.
तोंड उघडलं,
आत काहीच रांगेत उभं नव्हतं.
मग मी उठले आणि चालत गेले
तळीच्या मागच्या अंगाला, झर पडते तिथे.
ती उकिडवी बसली होती,
चुरमुऱ्याचा एकेक दाणा
माशांना मोजून देत.
मी शेजारी बसले. तिने मलाही चार दाणे दिले.
ते संपेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.
मग हात धरून वर आणली.
आईने आधी फटका दिला, मग घट्ट धरलं,
मग माझ्याकडे बघितलं
आणि तिलाही शब्द सापडेना.

त्या रात्री मी झोपले.
एवढंच सांगता येईल.
सकाळी उठले तेव्हा पोदेराचा भोंपू
पार वळणापल्याड गेला होता
आणि उशीवर अबोलीचा,
वास नसलेल्या फुलांचा,
केशरी चुरा.

निघताना आगळाची एक बाटली, सहा मानकुराद,
वर्तमानपत्रात नीट गुंडाळून.
फुडल्या वर्सा? गोकुळदास विचारतो.
मी मान हलवते,
तो किल्ली खिळ्याला अडकवतो.

आता जूनमध्ये बटण दाबल्यावर
मी लगेच बोलत नाही.
झर पडायला लागतो तेवढा वेळ
स्थानकभर नुसती खरखर जाते.
काही माणसं मान वर करतात.
आगारप्रमुखांनी दोनदा लिहून कळवलंय,
यंत्र तपासून घ्यावे.